वाया जाणाऱ्या वॅटांचा हिशेब

माणसाचं हृदय चोवीस तासांत साधारण एक लाख वेळा धडधडतं. डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये मागच्या कोपऱ्यात बसवलेल्या एसएमपीएसमधला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यातला, स्विच तेवढी उघडझाप एका सेकंदात करतो. कुठे तो सेकंदाला साठ-सत्तर हजार वेळा चालतो, कुठे दीड लाख वेळा. हिशेबाला एक लाख धरू. कॉम्प्युटर रोज आठ तास चालला, तर दिवसाला २८८ कोटी वेळा आणि वर्षाला एक लाख कोटींहून जास्त वेळा. ही उघडझाप रिकामी नसते. प्रत्येक वेळी त्या स्विचसमोर ४०० व्होल्टच्या आसपासचा दाब उभा असतो, आणि चांगल्या कंपन्या अशा एसएमपीएसला दहा वर्षांची वॉरंटी देतात.

एवढी घाई कशासाठी, हे समजलं की बाकीचे आकडे आपोआप उलगडतात. भिंतीतल्या सॉकेटमधून येतो तो २३० व्होल्टचा एसी. त्याच्या लाटेचं टोक मात्र ३२५ व्होल्टपर्यंत चढतं. ही लाट आधी डायोडच्या ब्रिजमधून एका दिशेला वळवली जाते, मग पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट तिला ३८० ते ४०० व्होल्टवर नेऊन एका जाडजूड कपॅसिटरमध्ये भरतं. तिथून पुढे तिचे सेकंदाला लाखभर तुकडे होतात, ट्रान्सफॉर्मरमधून ते खाली उतरतात आणि शेवटी १२ व्होल्टचा सरळ डीसी बाहेर पडतो. तुकडे जितके बारीक, तितका ट्रान्सफॉर्मर लहान. भिंतीतल्या ५० हर्ट्झवर थेट चालणारा ५०० वॅटचा ट्रान्सफॉर्मर करायचा, तर एकट्या लोखंड-तांब्याचं वजन चार-पाच किलो व्हायचं. एक लाख हर्ट्झवर तेच काम तळहातावर मावणारा फेराइटचा ठोकळा करतो. पुढे मदरबोर्डवर १२ चे आणखी खाली, एक-सव्वा व्होल्ट होतात आणि प्रोसेसरला मिळतात. १५० वॅट घेणारा प्रोसेसर १.२ व्होल्टवर १२५ अँपिअर ओढतो. घरातला साधा प्लग पॉइंट ६ अँपिअरचा असतो.

या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर थोडी वीज उष्णता होऊन उडून जाते. किती उडते, ते सांगणारा आकडा म्हणजे एफिशियन्सी. हाच आकडा खोक्यावर सोनेरी-चंदेरी बिल्ला होऊन छापलेला असतो आणि गिऱ्हाईक त्यासाठी हजारो रुपये जास्त मोजतं. माझं म्हणणं एवढंच, की हा आकडा उलटा वाचावा. किती टक्के पोहोचलं याऐवजी किती वॅट वाया गेले ते पाहावं, आणि त्याला तासांनी गुणावं.

करून बघू. कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना ३०० वॅट हवे आहेत. ६५ टक्के एफिशियन्सीचा जुना एसएमपीएस त्यासाठी भिंतीतून ४६१ वॅट ओढेल. १६१ वॅट निव्वळ वाया. ८८ टक्क्यांचा ३४१ ओढेल, ४१ वाया. ९२ टक्क्यांचा ३२६ ओढेल, २६ वाया. ९६ टक्क्यांचा ३१२.५ ओढेल आणि १२.५ वाया घालवेल. ९२ वरून ९६ म्हणजे चार टक्क्यांची चढाई, ऐकायला किरकोळ. पण वाया जाणारी उष्णता निम्म्याहून खाली आली. एसएमपीएस बनवणाऱ्या इंजिनियरच्या लेखी त्यानं निम्मा शत्रू मारलेला असतो, म्हणून ते शेवटचे चार टक्के इतके महाग पडतात.

हा शत्रू तो मारतो कसा, याचं एकच उदाहरण देतो, कारण मला ते फार आवडतं. १२ व्होल्टच्या बाजूला ५० अँपिअर वाहताहेत. तिथे प्रवाह एका दिशेला वळवायला पूर्वी शॉट्की डायोड लावत. त्यावर अर्धा व्होल्ट पडतोच पडतो, म्हणजे ५० गुणिले अर्धा, २५ वॅटची शेगडी. आता तिथे मॉस्फेट, म्हणजे स्विचसारखे चालणारे ट्रान्झिस्टर, लावतात आणि योग्य क्षणी त्यांना चालू-बंद करतात. त्या वाटेचा रोध एक मिलिओहमवर आणला, तर ५० चा वर्ग गुणिले एक हजारांश, अडीच वॅट. पंचविसाचे अडीच! याला सिंक्रोनस रेक्टिफिकेशन म्हणतात. ट्रान्सफॉर्मरच्या पहिल्या, ४०० व्होल्टच्या बाजूला आणखी एक युक्ती आहे. स्विच उघडताना-मिटताना त्यावर दाब आणि प्रवाह एकाच वेळी असले की ठिणगीभर ऊर्जा जळते, आणि सेकंदाला लाख ठिणग्या म्हणजे पुष्कळ वॅट. म्हणून सर्किटला झोक्यासारखं डोलू देतात आणि दाब शून्यावर आलेला असताना नेमका स्विच चालू करतात. एलएलसी रेझोनंट म्हणून स्पेसिफिकेशनमध्ये जे लिहिलेलं असतं ते हेच. मायक्रोसेकंदांच्या खिडकीत शून्य गाठायचं, आणि वर्षाला लाख कोटी वेळा चुकायचं नाही.

आता बिल्ल्यांकडे. ८० प्लस ही योजना अमेरिकेत २००४ मध्ये सुरू झाली. तेव्हा अट साधी होती: क्षमतेच्या २०, ५० आणि १०० टक्के लोडवर एसएमपीएसनं किमान ८० टक्के एफिशियन्सी द्यायची आणि पॉवर फॅक्टर ०.९ राखायचा. बाजारातल्या बहुतेक मालाला तेही जमत नव्हतं. मग २००८ पासून ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड आले, पुढे प्लॅटिनम आणि टायटॅनियम. अर्ध्या लोडवरच्या अटी चढत जातात: ८०, ८५, ८८, ९०, ९२, ९४. हे आकडे ११५ व्होल्टवरचे, अमेरिकेतल्या वीजपुरवठ्याचे. आपल्याकडे २३० व्होल्ट असल्यानं तितक्याच वॅटना निम्मा प्रवाह लागतो आणि सुरुवातीच्या ब्रिजमधली गळती निम्म्यावर येते. त्यामुळे ११५ व्होल्टवर गोल्ड मिळवलेला एसएमपीएस पुण्यात किंवा नाशिकमध्ये एखादा टक्का जास्तच देतो. २३० व्होल्टच्या युरोपीय वर्गवारीत अर्ध्या लोडवर ब्राँझला ८८, गोल्डला ९२ आणि टायटॅनियमला ९६ टक्के लागतात. वरचं गणित त्याच आकड्यांवर केलं आहे.

बिल्ला सांगत नाही अशा दोन गोष्टी आहेत आणि खरेदी करताना त्याच जास्त महत्त्वाच्या. पहिली तापमानाची. ८० प्लसची चाचणी २३ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या खोलीत होते. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात खोलीच चाळिशीत असते आणि कॅबिनेटच्या आत त्याहून वर. म्हणून ज्या परीक्षणात एसएमपीएस गरम पेटीत ठेवून, ४०-५० अंशांवर पूर्ण लोड देऊन तपासला असेल, तेच आपल्या कामाचं.

दुसरी गोष्ट लोडची. ही मी जरा सविस्तर सांगतो, कारण इथे जवळजवळ सगळे चुकतात. गिऱ्हाईक म्हणतं, पुढे-मागे लागला तर असू दे, हजार वॅटचा घेऊन टाकू. कॉम्प्युटर मात्र दिवसातला बहुतेक वेळ ब्राउझर, एक्सेल नाहीतर यूट्यूबवर असतो आणि तेव्हा आतले सगळे भाग मिळून ५०-६० वॅट घेतात. हजार वॅटच्या एसएमपीएसवर ५० वॅट म्हणजे ५ टक्के लोड. बिल्ल्याच्या तीन अटी सुरूच होतात २० टक्क्यांपासून, म्हणजे २०० वॅटपासून. त्याच्या खाली काय होतं, याबद्दल गोल्डचा बिल्ला एक शब्द बोलत नाही. फक्त टायटॅनियमला १० टक्के लोडवर ९० टक्के देण्याची अट आहे. एसएमपीएस नुसता जिवंत राहायला, म्हणजे कंट्रोल चिप, स्विचचे गेट, पंखा, कपॅसिटर यांना, काही ठरावीक वॅट लागतातच. ५० वॅटच्या कामासाठी १० वॅट स्वतःसाठी खाल्ले, की एफिशियन्सी ८३ टक्क्यांवर आली, मग बिल्ला कुठलाही असो. सायबेनेटिक्स ही दुसरी प्रमाणपत्र देणारी संस्था तीन-चार ठिकाणांऐवजी हजाराहून जास्त लोडच्या जोड्या मोजून सरासरी काढते. ती पद्धत मला कितीतरी प्रामाणिक वाटते, कारण कॉम्प्युटर काही नेमक्या ५० टक्क्यांवर थांबून राहत नाही.

मग किती वॅटचा घ्यायचा? आपल्या प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचा कमाल खप जोडावा, वर थोडी मोकळीक ठेवावी, आणि तिथे थांबावं. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीचा एसएमपीएस ६३.५ वॅटचा होता. त्यात अख्खा कॉम्प्युटर चालायचा. आज आरटीएक्स ४०९० हे एकटं ग्राफिक्स कार्ड ४५० वॅटचं आहे, एका चिपवर ७,६०० कोटींहून जास्त ट्रान्झिस्टर. शिवाय अशी कार्डं क्षणभर मोठा झटका देतात. म्हणून २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकानं अट घातली, की १०० मायक्रोसेकंद एवढ्या वेळापुरती क्षमतेच्या दुप्पट मागणी आली तरी एसएमपीएस बंद पडता कामा नये. १०० मायक्रोसेकंद म्हणजे आपल्या लाख हर्ट्झच्या स्विचच्या फक्त दहा उघडझापा. तेवढ्यात ७५० वॅटच्या डब्याला १,५०० वॅट देऊन पुन्हा सावरायचं असतं.

डबा हातात आला की त्याच्या बाजूवरचं स्टिकर नीट वाचावं. मोठ्या अक्षरातला वॅटचा आकडा सोडून द्यावा आणि खालच्या बारीक तक्त्यात जावं. तिथे +३.३, +५, +१२, −१२ आणि +५ स्टँडबाय असे रकाने असतात. आजचा कॉम्प्युटर जवळजवळ सगळं १२ व्होल्टवरून घेतो, म्हणून त्या रकान्यातले अँपिअर पाहायचे. चांगल्या ७५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टखाली ६२.५ अँपिअर लिहिलेले असतात. बारानं गुणलं की बरोबर ७५०. कॅबिनेटसोबत येणाऱ्या स्वस्त डब्यावर वर ४५० वॅट असतं आणि १२ व्होल्टच्या रकान्यात १५ अँपिअर, म्हणजे १८० वॅट. उरलेले वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांत दाखवलेले, जिथे आजच्या मशीनला त्यांचा उपयोग नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुकानात उभं राहून एका मिनिटात ही तपासणी होते आणि खोक्यावरच्या सगळ्या मजकुरापेक्षा ती जास्त सांगते. जमलं तर परीक्षणातला रिपलचा आकडाही पाहावा: १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्टपर्यंत तरंग मानकात चालतो. चांगले एसएमपीएस त्याच्या कितीतरी खाली राहतात.

त्या १२ व्होल्टच्या केबलमध्ये प्रत्यक्ष काय वाहतं, ते डोळ्यांपुढे आणून बघा. ग्राफिक्स कार्डाच्या नव्या कनेक्टरमधून जास्तीत जास्त ६०० वॅट जाऊ शकतात, म्हणजे ५० अँपिअर, सहा तारांमध्ये वाटलेले. सेकंदाला ३१ वर १९ शून्यं इतके इलेक्ट्रॉन. पण १.३ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत मोकळे इलेक्ट्रॉन इतके दाटीनं असतात, की एवढा प्रवाह असूनही प्रत्येकाची सरासरी सरक सेकंदाला अर्धा मिलिमीटरसुद्धा भरत नाही. ताशी सुमारे १.७ मीटर. साठ सेंटिमीटरची केबल ओलांडायला एका इलेक्ट्रॉनला वीस मिनिटांहून जास्त लागतात, आणि गेम मात्र क्लिक करताक्षणी सुरू होतो, कारण धावतो तो विद्युतक्षेत्राचा रेटा, प्रकाशाच्या वेगाशी बरोबरी सांगणारा. भिंतीतल्या तारेत तर त्याहून नवल. तिथे एसी आहे. अडीच अँपिअर ओढणाऱ्या कॉम्प्युटरसाठी दीड चौरस मिलिमीटरच्या तारेतला इलेक्ट्रॉन आपल्या जागेपासून मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढा इकडे आणि तेवढाच तिकडे हलतो. चंद्रपूरच्या वीजकेंद्रातून एकही इलेक्ट्रॉन आपल्या घरी आलेला नसतो. आलेली असते ती ऊर्जा.

तिचे पैसे किती? युनिटला १० रुपये धरू. रोज तीन तास ३०० वॅटचं काम, वर्षाला १,०९५ तास. गोल्डऐवजी टायटॅनियम घेतला तर साडेतेरा वॅट वाचतात. वर्षाला १५ युनिट, दीडशे रुपये. दोन्हींच्या किमतीतला फरक काही हजारांचा असतो, तो वसूल व्हायला कॉम्प्युटरच्या दोन-तीन पिढ्या जातील. ब्राँझवरून टायटॅनियमवर गेलात तरी वर्षाचे तीनशे रुपये. घरच्या वापराला गोल्ड पुरे आहे, आणि वाचलेले पैसे मोठ्या एसएसडीत घालावेत, असं मी कुणालाही सांगेन. चोवीस तास चालणारं रेंडरिंगचं मशीन असेल तर गोष्ट वेगळी.

टायटॅनियमचा खरा फायदा बिलात नाही, आयुष्यात आहे. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर १०५ अंश आणि २,००० तास असं लिहिलेलं असतं, आणि ढोबळ नियम असा, की दर १० अंश उतरले की आयुष्य दुप्पट होतं. ६५ अंशांवर तो ३२,००० तास टिकेल, ५५ अंशांवर ६४,००० तास. रोज आठ तासांच्या हिशेबानं ११ वर्षं आणि २२ वर्षं. कमी वाया गेलेला प्रत्येक वॅट म्हणजे आत कमी झालेली उष्णता, आणि पंख्याचा कमी आवाजही. कपॅसिटरचं दुसरं काम तर आपल्याकडे रोजचं: लाईट गेली आणि यूपीएसनं बॅटरी जोडेपर्यंतचे चार ते दहा मिलिसेकंद तोच कॉम्प्युटर तगवून धरतो. ३९० व्होल्टला भरलेल्या ४७० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये ३६ जूल असतात, आणि त्यातले निम्म्याहून कमीच वापरता येतात. १६-१७ मिलिसेकंद काढायला तेवढे पुरतात.

एका घरातले दीडशे रुपये कोटींनी गुणले की काय होतं, हे गूगलच्या ऊर्स हॉल्झल आणि बिल वाइल यांनी सप्टेंबर २००६ मध्ये मांडलं. एसएमपीएसनं फक्त १२ व्होल्ट द्यावेत, बाकीचे व्होल्टेज मदरबोर्डनं करून घ्यावेत, एवढा साधा त्यांचा प्रस्ताव. १० कोटी पीसी रोज आठ तास चालतात असं धरलं, तर तीन वर्षांत ४० अब्ज युनिट वाचतील, कॅलिफोर्नियाच्या दरानं ५ अब्ज डॉलरहून जास्त. आकडा अविश्वसनीय वाटतो म्हणून तो उलटा सोडवून पाहावा. रोज आठ तास, तीन वर्षं म्हणजे बरोबर ८,७६० तास. ४० अब्ज युनिट भागिले १० कोटी म्हणजे यंत्रामागे ४०० युनिट, म्हणजे ४६ वॅट. एफिशियन्सी ६५ टक्क्यांवरून ९० वर नेली, तर १०७ वॅटचं काम करणाऱ्या साध्या ऑफिसच्या पीसीत तेवढेच वाचतात. हिशेब बसतो. दहा कोटी यंत्रं एकाच वेळी चालू असतील, तर ही बचत ४,६०० मेगावॅटची. कोयनेची सगळी वीजगृहं मिळून क्षमता १,९६० मेगावॅट आहे, आणि चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची २,९२०. भारतात कोळशावर बनणाऱ्या विजेच्या एका युनिटमागे सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. त्या दरानं ४० अब्ज युनिट म्हणजे अडीच कोटी टन. इंटेलनं १२ व्होल्टचंच मानक एटीएक्स १२ व्हीओ या नावानं आणलं, ते या प्रस्तावानंतर तेरा वर्षांनी, आणि दुकानात आजही ते शोधावं लागतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण कमी लोडवरची जी गळती वर सांगितली, तिच्यावरचा तो सर्वांत सरळ उपाय होता.

डेटा सेंटरनी मात्र वेळ दवडला नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानं २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरनी ४१५ अब्ज युनिट वीज घेतली, जगाच्या एकूण विजेच्या दीड टक्के. २०३० पर्यंत ती दुपटीहून जास्त होईल. यातला एक टक्का म्हणजे ४ अब्ज युनिटांच्या वर. नवी मुंबईच्या ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात नव्यानं उभ्या राहणाऱ्या बिनखिडक्यांच्या इमारती याच मोजणीतल्या. एआयसाठी आता एका रॅकला एक मेगावॅट देण्याच्या योजना आखल्या जात आहेत. ५४ व्होल्टवर ते करायचं तर साडेअठरा हजार अँपिअर लागतील, म्हणून एनव्हिडियानं ८०० व्होल्ट डीसीची रचना जाहीर केली आहे: १,२५० अँपिअर, आणि तितक्याच तांब्यात जळणारी उष्णता २२० पटींनी कमी. अशा एका रॅकला गोल्डऐवजी टायटॅनियमच्या दर्जाचा पुरवठा दिला, तर घरात वर्षाला दीडशे रुपये वाचवणारे तेच चार टक्के दहा रुपये युनिटच्या हिशेबानं वर्षाला जवळपास ४० लाख वाचवतात, आणि ४५ किलोवॅटची उष्णता बाहेर काढायला लागणाऱ्या एसीचा खर्च त्यात अजून धरलेलाच नाही.